तिसऱ्या हुकाचा सूड

२० ऑगस्ट, दुपार
सकाळी सोलहून युरिमचा फोन. बाबा, आई जाऊन दहा महिने झाले, टेकडीवर तिचा हुला हूप अजून तसाच लटकत असेल, निदान तो तरी घरी आणा, असे म्हणाली. बरे, म्हटले.
टेकडी आमच्या इमारतीच्या मागेच आहे. एकशे ऐंशी पायऱ्या. युरिमची आई अकरा वर्षे रोज पहाटे जात असे. तुम्हीही चला, असे म्हणत असे. मी आज प्रथमच गेलो. नोकरीत वेळ मिळाला नाही, आणि निवृत्तीनंतरची आठ वर्षे कशी गेली ते कळले नाही.
वर झरा आहे आणि झऱ्याला लागून व्यायामाचे मैदान. तिथे एका लोखंडी नळीवर हूक लावलेले आहेत. प्रत्येक हुकावर एकेकाचा हूप, हूपवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. डावीकडून तिसरा हूक युरिमच्या आईचा, हे मला चांगले ठाऊक होते. तिसऱ्या हुकावर गुलाबी हूप. नाव: प्यो ओक-ग्युम. आमचा हूप झाडूंच्या खोपटामागे भिंतीला टेकवून ठेवलेला.
शेजारी पांढरा फळा. न पाडता सर्वांत जास्त वेळ: प्यो ओक-ग्युम, ५४ मिनिटे. युरिमच्या आईची बावन्न होती. जेवताना तिने स्वतः सांगितले होते. फळ्यावर तिचे नाव कुठेच नाही. पुसले असणार.
प्यो बाई तिथेच होती. वय एकाहत्तर, केस कुरळे करून घेतलेले, टोपी डोळ्यांपर्यंत. युरिमची आई तिला ताई म्हणत असे. मला पाहताच ओरडली, अगं बाई, युरिमचे बाबा! उगवलात एकदाचे! हूप न्यायला आलात की फिरवायला? मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, पण फिरवणार कशावर? कंबर आणलीत का बरोबर? सहा बायका हसल्या.
मी वाकून नमस्कार केला. मनातून केला नाही. हूप घेऊन खाली आलो.

२० ऑगस्ट, संध्याकाळ
निश्चय झाला. ९ ऑक्टोबरला लिपीदिनाच्या सुट्टीला मैदानावर वार्षिक स्पर्धा आहे, असे फळ्याखाली लिहिले होते. हाच हूप. प्यो बाईच्या डोळ्यांदेखत. पंचावन्न मिनिटे. मग फळ्यावर युरिमच्या आईचे नाव लिहायचे, माझे नाही, आणि हूप तिसऱ्या हुकावर टांगून एक शब्द न बोलता खाली यायचे.
पन्नास दिवस आहेत. रोज एक मिनिट सहा सेकंद वाढवले की झाले. मी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षे मीटर वाचले. एक आकडा चुकवला नाही.
ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. हा व्यायाम नाही. सूड आहे. युरिमने विचारले तर पचनासाठी.

२१ ऑगस्ट, पहाटे ५
दिवाणखान्यातले टेबल सरकवले. हूप एक किलो आठशे ग्रॅमचा, आतल्या बाजूने रबरी गाठी. पहिला प्रयत्न: अर्धी फेरी. नववा: अर्धी. पंधरावा: पाऊण.
पहिल्याच दिवशी पन्नास टक्के वाढ.

२३ ऑगस्ट
दीड फेरी. नियोजनानुसार आज तीन मिनिटे अठरा सेकंद हवे होते. सुरुवातीला मीटरसुद्धा हळू फिरतो.
भात पुन्हा दोघांचा लागला. उरलेला संध्याकाळी खाल्ला.

२५ ऑगस्ट, सकाळ ७
भिंतीतल्या स्पीकरवर व्यवस्थापन कार्यालयाची सूचना. आपल्या इमारतीत कोणी रहिवासी पहाटे जड वस्तू वारंवार जमिनीवर टाकत आहे, त्याने खालच्या मजल्यावरील लोकांचा विचार करावा. अगदी बरोबर. अशा लोकांना दंडच करायला हवा. मी स्वतः पाचपासून जागा असतो, मला तरी काही ऐकू आले नाही.

२७ ऑगस्ट
शत्रूच्या पाहणीसाठी टेकडीवर गेलो. बाकाच्या टोकाला बसलो. प्यो बाई हूप फिरवत फिरवत फोनवर बोलते. फोन खांद्याने धरून मक्याचे कणीस सोलते. मध्येच हूप न पाडता वळून कोणाच्या तरी सुनेविषयी बोलते. कमरेखाली काही हलते आहे हे तिच्या तोंडाला माहीतच नसते. ही दिखाऊ पद्धत आहे. मी शास्त्रशुद्ध शिकेन.
जाताना तिने माझ्या शेजारी फॉइलमध्ये गुंडाळलेले रताळे ठेवले. खा, नाहीतर तो हूप तुम्हालाच फिरवेल, असे म्हणाली. मी नमस्कार केला. रताळे कबुतरांना घालायचे ठरवले. कबुतरे नव्हती. पुरावा राहू नये म्हणून खाल्ले.

२९ ऑगस्ट
खालच्या मजल्यावरच्या आठशे चारमधल्या बाई आल्या. हातात जाड तळव्यांच्या घरातल्या सपाता, वर रिबिन. आजोबा, तुमच्यासाठी भेट आणलीय, असे म्हणाल्या. मग थोडे थांबून, पहाटे काय पडतं हो तुमच्याकडे? काही नाही, म्हटले. त्या म्हणाल्या, काही नाही ते रोज पंचेचाळीस वेळा पडतं, मी मोजलंय.
मोजणारे माणूस मला आवडते. आकडा मात्र चूक आहे. माझ्या नोंदीप्रमाणे एकेचाळीस.
उद्यापासून सपाता घालून सराव.

३० ऑगस्ट
सपाता घसरतात. टेबलाचा कोपरा.

१ सप्टेंबर, पहाटे
पहिला हल्ला. साडेचारला टेकडीवर पोचलो, मैदानावर कोणी नव्हते. गुलाबी हूप काढून सातव्या हुकावर टांगला, आमचा तिसऱ्यावर. झाडामागे उभा राहिलो.
सहाला प्यो बाई आली. पाहिले. सातव्यावरून आपला हूप उचलला आणि तिसऱ्यावरच आमच्या हूपच्या वर अडकवला. शेजारणीला म्हणाली, राहू देत दोघी एका खुंटीला, जागा आहे. मग मोठ्यांदा म्हणाली, युरिमचे बाबा, झाडामागे डास फार आहेत, बाहेर या.
नमस्कार केला. आमचा हूप घेऊन खाली आलो. चौदा चावे.

४ सप्टेंबर
मैदानावरच्या व्यायाम मंडळाचे अध्यक्ष ग्वोन झऱ्यावर भेटले. माझे बोलणे थोडे, त्यामुळे लोक आपणहून सांगतात. म्हणाले, साहेब, गैरसमज नको. हिवाळ्यात वस्तीतली नवी मंडळी यायला लागली, ती तिसऱ्या हुकावर छत्र्या नि पिशव्या टांगायची. प्यो बाईनं सगळ्यांशी भांडून स्वतःचा हूप तिथे लावला, की निदान ओळखीचं माणूस असू दे. तुमचा हूप पावसात गंजू नये म्हणून खोपटाच्या छपराखाली ठेवला.
कथा चांगली रचली आहे. अध्यक्षही तिचेच रताळे खातात, मी पाहिले आहे.

६ सप्टेंबर
दुसरा हल्ला, प्रशासकीय मार्गाने. वॉर्ड कार्यालयाला निनावी तक्रार पाठवली. विषय: मैदानातील हुकांचे बेकायदा वाटप. सोबत नकाशा, हुकांचे अनुक्रमांक, नळीचा व्यास.

१३ सप्टेंबर
कार्यालयाचा माणूस येऊन तक्रारीचा कागद सर्वांना दाखवून गेला. नळीला हिरवा रंग दिला. हुकांबद्दल काही नाही. उलट झऱ्याचे पाणी तपासून त्यावर पिण्यास अयोग्य अशी पाटी लावून गेला. सगळे पाटीला बाटल्या टेकवून पाणी भरत होते.
प्यो बाई सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, छापल्यासारखं अक्षर, आणि नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये. आपल्या टेकडीवर असा निनावी माणूस एकच आहे हो. आणि मला एक पेला पाणी भरून दिले. प्यावे लागले.
सात सेकंद. चौथ्या आठवड्यात सात. वेग वाढतो आहे.

१५ सप्टेंबर
सुया टोचणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सदरा वर करून पाहिले. मग दार लावून हळूच म्हणाले, आजोबा, तुम्ही कोणाबरोबर राहता? एकटा, म्हटले. ते म्हणाले, मग हे कोण करतं? कमरेभोवती निळा-हिरवा पट्टा आहे, मध्ये मध्ये गाठींचे ठसे.
मी सांगितले, पचनासाठी.

१७ सप्टेंबर, छुसक
शरदाचा सण. युरिम, जावई आले. पूर्वजांचे पान मांडले. युरिमच्या आईचा फोटो पहिल्यांदाच त्या बाजूला. भाताच्या वाटीत चमचा मी उभा केला.
संध्याकाळी युरिमने विचारले, बाबा, आईचं वर्षाचं पान कधी वाढायचं, मला रजा टाकायची आहे. पंचांग पाहिले. तिथीने १० ऑक्टोबर. म्हणाली, नक्की ना? आपल्याकडे आदल्या... मी म्हटले, दहा. आकड्यांच्या बाबतीत मला कोणी नक्की ना विचारलेले नाही. तिने फोनमध्ये काहीतरी लिहून ठेवले.
खरे कारण लिहून ठेवतो. हे उत्तम जुळते. नऊला प्यो बाईचा पराभव, दहाला पान. फोटोपुढे मद्याचा पेला ठेवून तिला आकडा सांगायचा.

१८ सप्टेंबर
जावयाबरोबर सार्वजनिक हमामात गेलो. चूक झाली. अंग घासणाऱ्या माणसाने माझी पाठ पाहून जावयाकडे रोखून पाहिले. जावई बिचारा घरी येईपर्यंत माझ्या दहा पावले पुढे चालला.
रात्रीच्या जेवणाला युरिम म्हणाली, बाबा, खरं सांगा, कोण मारतं तुम्हाला? तिच्या डोळ्यांत पाणी होते. हूप दाखवला. तिने हूपकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि इतकी हसली की तिला बसावे लागले. मग पुन्हा रडली. तिची आई असे कधी करत नसे. किंवा करत असेल, मी समोर नसताना.

२४ सप्टेंबर
एकोणीस सेकंद!
साक्षीदार नाही. पण घड्याळ आहे. दोनदा पडताळले. उपाशीपोटी एकोणीस म्हणजे भरल्या पोटी तीस सहज. स्पर्धेच्या दिवशी गर्दीच्या उत्साहाचे दहापट धरावे. पाच मिनिटे. त्यानंतर शरीर आपोआप चालते, असे प्यो बाईकडे पाहून वाटते. म्हणजे अवघड भाग संपला.

३० सप्टेंबर
अकरा सेकंद. हवामान.

३ ऑक्टोबर
प्यो बाई आपणहून शिकवायला आली. युरिमचे बाबा, कमरेला सांगा, डोक्याला नको, असे म्हणाली. तुम्ही हूपकडे असे बघता जणू तो पाणी चोरतोय. वर बघा. समोर बघा. माणसांकडे बघा जरा.
मी झाडाकडे पाहिले. चौदा सेकंद झाले. तिच्या सल्ल्याशिवाय वीस झाले असते.
स्पर्धेला येणार ना, असे मी विचारले. एवढे लांब वाक्य मी तिच्याशी प्रथमच बोललो. ती म्हणाली, नऊ तारखेला? त्या दिवशी मला जमतंय कुठे. आणि माझ्याकडे विचित्र नजरेने पाहात राहिली. तुम्हाला जमतंय? असे विचारले.
घाबरली आहे. मी ठामपणे सांगितले, मला जमणारच.
तिने तोंड उघडले, पुन्हा मिटले. ही बाई गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली. अर्धा विजय आजच झाला.

८ ऑक्टोबर
विश्रांती. पाठीला तीन पट्ट्या. चिकटपट्टीवर युरिमच्या आईचे नाव नवे लिहून हूपला लावले: मो जंग-सुक. अक्षर चांगले आले आहे.
तिच्या फोनचे चार्जिंग संपत आले होते, लावले.

९ ऑक्टोबर, सकाळ ६
आज.

१० ऑक्टोबर, सकाळ ११
पडून लिहीत आहे. अक्षर त्यामुळे वाईट.
काल दुपारी दोनला स्पर्धा सुरू झाली. प्यो बाई आली नाही. मी अध्यक्षांना विचारले तर ते म्हणाले, तिला एका घरी काम आहे म्हणाली. मी मनात म्हटले, पळाली. शत्रू पळाला तरी आकडा आकडाच असतो. माझा क्रमांक नववा. नाव पुकारले तेव्हा कोणीतरी म्हणाले, अरे, हे तर मिलिमीटरवाले! टाळ्या पडल्या.
हूप कमरेला लावला. वर पाहिले. समोर पाहिले. माणसांकडे पाहिले. त्यात एकही चेहरा नव्हता ज्याला काही दाखवायचे होते. सातव्या सेकंदाला पाठीत काहीतरी अडकले. नवव्याला हूप खाली. मी त्याच्या वर.
उठता येईना. झऱ्याचे पाणी नेण्याची दोन चाकांची ढकलगाडी असते, तिच्यावर मला आडवे घालून मागच्या गाडीरस्त्याने खाली आणले. अध्यक्ष पुढून ओढत होते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बाईने विचारले, हा नग कुठे पोचवायचाय? बक्षीस सर्वांनाच होते. एक टॉवेल.
दार उघडे होते. उंबऱ्याशी तीन जोडी चपला-बूट. घरभर तव्याचा वास. जावई नाशपातीची डोकी कापत होता. युरिम फोटो पुसत होती. आणि जमिनीवर विजेच्या तव्यापुढे मांडी घालून प्यो बाई माशाचे काप परतत होती.
युरिम म्हणाली, बाबा, आज आहे.
मी म्हटले, उद्या. तिथी दहाला आहे.
प्यो बाईने मागे न वळता सांगितले, तिथी दहाला आहे म्हणूनच पान आज आहे. ती गेली पहाटे तीनला. पान आदल्या संध्याकाळी वाढतात, माणूस अजून जेवणार असतं त्या संध्याकाळी. तुमच्या आईचं कधी वाढत होतात?
आदल्या संध्याकाळी. तीस वर्षे, स्वतःच्या हाताने. मला माहीत होते. मला दहा हवी होती, म्हणून दहा केली.
नऊ तारखेचं तुम्हाला विचारलं त्या दिवशीच समजलं, असे ती म्हणाली. तुम्हाला सांगून तुम्ही ऐकलं असतंत का? म्हणून पोरीला फोन केला.
पहाटे तीन ही वेळ तिला माझ्यापेक्षा नक्की माहीत आहे. रुग्णालयात खाटेशेजारी ती होती. मी घरी स्वच्छ पांघरूण आणायला गेलो होतो. परत पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते आणि प्यो बाईने युरिमच्या आईचा हात धरलेला होता, आणि मी आल्यावरही तिने तो लगेच सोडला नाही. हे या वहीत लिहायचा प्रसंग आला नव्हता.
पान मांडले. आमच्या घरात नवराही साष्टांग वाकतो, दोनदा. मला एकदाही वाकता येईना. एका बाजूने जावयाने धरले, दुसऱ्या बाजूने प्यो बाईने. अर्ध्यावर अडकलो. ती कानाशी म्हणाली, राहू द्या तेवढंच, ती थोडीच मोजतेय.
मद्याचा पेला ठेवला. सांगायला आकडा नव्हता.
नंतर सगळे जेवायला बसले. मी भिंतीला टेकून. मग मी प्यो बाईला विचारले, फळ्यावरचे तिचे नाव का पुसले? बावन्न मिनिटे होती तिची.
प्यो बाईचा चमचा थांबला. म्हणाली, कसली बावन्न?
मी सांगितले. जेवताना ती सांगत असे. चाळीस, पंचेचाळीस, शेवटी बावन्न.
ती हसायला लागली, आणि मग थांबली. अहो, तिचा हूप बाराव्या फेरीच्या पुढे कधी गेला नाही. अकरा वर्षांत. आम्ही बाकावर बसून रताळी खायचो नि गप्पा मारायचो. खाली उतरताना ती म्हणायची, ताई, आज किती सांगू? मी म्हणायचे, अगं, खरं ते सांग की, बाकावर काय काय झालं ते सांग. तर म्हणायची, तसलं काही सांगितलं तर आमचे हे ताटातून वर बघत नाहीत. आकडा सांगितला की बघतात.
युरिमने माझ्या पेल्यात ओतले. माशाच्या कापांना मीठ कमी होते. मी सहा खाल्ले.

१० ऑक्टोबर, दुपार ३
सूड रद्द केलेला नाही. पाठ बरी होईपर्यंत स्थगित आहे, आणि तो नेमका कोणाविरुद्ध आहे हे पुन्हा तपासावे लागेल.
पडल्या पडल्या हिशेब केला. बारा फेऱ्यांना साधारण आठ सेकंद. माझे सर्वोत्तम एकोणीस. म्हणजे या घरातला विक्रम माझा आहे, दुपटीहून जास्त.
तासभर वाट पाहिली. कशाची ते सांगता येणार नाही. मग युरिमच्या आईच्या फोनमधून प्यो बाईचा नंबर काढला आणि लावला. एकोणीस, असे सांगितले.
ती म्हणाली, एकोणीस काय नि नऊशे नव्वद काय, पाठ शेकलीत का ते सांगा आधी.
नाही, म्हटले. तिने फोन ठेवला.